काकीचं नाक आणि समईचा उजेड

गणपतीला गावी निघताना दरवर्षी आमच्या घरी एक वाद ठरलेला असतो. कॅमेरा न्यायचा की नाही? बॉडी, ५० मिमीची लेन्स, चार्जर, जादा बॅटरी, सिलिका जेलच्या पुड्या. तुतारी एक्स्प्रेसमध्ये सीटखाली आधीच नारळ घेऊन जाणाऱ्यांच्या आणि नारळ आणायला जाणाऱ्यांच्या पिशव्या. त्यात हे लोढणं. बायको एवढंच विचारते, "खिशात फोन आहे ना?" याला उत्तर नसतं. मी गुपचूप कॅमेरा टॉवेलात गुंडाळून कपड्यांच्या मधे सरकवतो.

तिचं बरोबर आहे, हे जगाने केव्हाच मान्य केलंय. २०१० साली जपानी कंपन्यांनी जगभर १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे पाठवले होते. २०२३ साली तो आकडा ८० लाखांच्याही खाली आला. आमच्या बिल्डिंगमध्येच एके काळी सहा-सात घरांत ते चपटे चंदेरी कॅमेरे होते, मनगटात अडकवायच्या दोरीसकट. आता ते कुठे आहेत विचाराल तर माळ्यावर, जुन्या मिक्सरच्या खोक्यात.

पण यंदा काकीच्या नाकाने माझी बाजू घेतली.

झालं असं, की मोठी काकी चुलीशेजारी मोदकांना कळ्या पाडत बसली होती. पुतण्याने फोन तिच्या तोंडासमोर हातभर अंतरावर धरला आणि फोटो काढला. काकीने पाहिला आणि म्हणाली, "माजा नाक एवढा मोठा आसा?" सगळे हसले. पण नाकाची काही चूक नव्हती. फोनची मुख्य लेन्स बरीच रुंद पाहणारी असते. चेहरा चौकटभर हवा तर जवळ जावं लागतं. इतक्या जवळून कानाच्या मानाने नाक लेन्सला फारच लगटून येतं, म्हणून ते फुगतं. मी ५० मिमीची लेन्स लावून दोन मीटर मागे गेलो, पार माजघराच्या उंबऱ्यापर्यंत. तिथून काकीचं नाक पुन्हा तिचंच झालं.

मात्र काकी काकी राहिली नाही. कॅमेरा दिसताच "थांब रे झिला, पदर घेतंय" म्हणून तिने हातातला मोदक खाली ठेवला, पाठ ताठ केली आणि आधार कार्डाला बसल्यासारखी बसली. फोनकडे तिने बघितलंही नव्हतं, कारण घरातली पोरं दिवसभर तो हातात घेऊनच फिरतात. कॅमेरा बाहेर निघाला की मात्र घरात परका माणूस आल्यासारखं होतं. पुतण्याच्या फोटोत नाक मोठं, पण बोटांतला मोदक, कपाळावर उडालेलं पीठ, तोंडातलं अर्धं वाक्य, सगळं जागच्या जागी. माझ्या फोटोत नाक सुबक आणि काकी भिंतीवर टांगायला तयार. रोजच्या घरातल्या फोटोंसाठी मला विचाराल तर मी मुकाट्याने फोनला मत देईन. पावसात न्हालेलं खळं, आरतीचा गोंधळ, झांजा वाजवताना झोपलेलं पोर. कॅमेरा टॉवेलातून काढेपर्यंत ते पोर जागंसुद्धा होतं.

वडिलांकडे याशिका एमएफ-२ होता. ३६ फोटोंचा रोल आमच्याकडे चतुर्थीपासून कुणाच्या तरी बारशापर्यंत पुरायचा. एक फोटो गणपतीचा, एक सगळ्यांचा, बस. डोळे मिटले तर मिटले, वर्षभर मिटलेलेच. तो काळ थोर होता असं मुळीच म्हणणं नाही. आमच्या आत्याचा एकमेव फोटो अर्ध्या अंगठ्यामागे आहे.

फोनशी माझं खरं भांडण रात्रीचं आहे. आमच्या गणपतीच्या खोलीत वीज आहे, पण रात्रीच्या आरतीनंतर काकी दिवा मालवते आणि दोन समया तेवढ्या ठेवते. वर माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली फळापानांची चौकट: नारळ, सुपारीचे घोस, लालभडक कवंडळं, आंब्याचे टाळे. त्यांच्या सावल्या छपरावर हलतात. मूर्तीची सोंड आणि एक गाल उजळलेला, बाकी काळोख. लहानपणी या खोलीत एकटं जायची भीती वाटायची, आणि जावंसंही वाटायचं.

पुतण्याने फोन धरला, दोनेक सेकंद हात स्थिर ठेवला, झालं. फोटोत सगळं लख्ख! माटवीतली सुपारी न् सुपारी मोजून घ्या. भिंतीचा उडालेला चुना, स्विचबोर्ड, कोपऱ्यातली निळी प्लास्टिकची बादली, खिळ्याला टोचलेलं विजेचं बिल. समईचा पिवळा उजेड धुऊन दुधी झालेला. त्या खोलीत आम्ही नऊ जण होतो. बादली कुणालाच दिसली नव्हती.

ही फोनची हुशारी आहे, हे खरं. त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा, चांगला मोठा म्हटला तरी १० बाय ७ मिमीच्या आसपास, करंगळीच्या नखाएवढा. माझ्या कॅमेऱ्याचा २३.५ बाय १५.६ मिमी. एवढ्याशा नखावर उजेड तो किती पडणार? म्हणून फोन एकाऐवजी अनेक फोटो भराभर घेतो, एकमेकांवर बसवतो, काळोखात उठणारी दाणेदार खरखर पुसतो, सावल्या उपसून वर काढतो. हुशार कारकुनाने बिचाऱ्या साहेबाचं अक्षर सुधारून द्यावं तसं. आणि सुधारता सुधारता मजकूरही बदलला तर? २०२३ मध्ये एकाने चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून फोनने टिपलं, तर फोनने त्यावर विवरं आणून दिली होती!

कॅमेरा असलं काही करत नाही. किती काळोख ठेवायचा ते मला सांगावं लागतं. मी आयएसओ, म्हणजे उजेडाला दाद द्यायची तयारी, ३२०० वर नेला, लेन्सचं छिद्र सताड उघडलं, आणि फोटो काळाच राहावा म्हणून एक्स्पोजर दोन टप्पे उतरवलं. पाच फोटो हलले. सहाव्यात सोंड, गाल, दोन ज्योती आणि एक लाल कवंडळ. बाकी काळं. त्या काळोखात थोडी खरखर आहे, ती मी तशीच ठेवली.

काकीला मागच्या पडद्यावर तो दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पण हो फोटो माका खय मेळतलो?" म्हटलं, डोंबिवलीला गेल्यावर कार्ड काढून पाठवतो. त्याला आता तीन आठवडे झाले. कार्ड रीडर कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये आहे. शिवाय या पावसात लेन्सच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरलीय, ती साफ करायला बोराबाजारात जायचंय.

परवा कुटुंबाच्या ग्रुपवर तोच फोटो आला. पुतण्याने त्या रात्रीच माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्याचा फोनने फोटो काढून ठेवला होता. खाली अठ्ठावीस नमस्कार. फोटो तिरका, पडद्यावर ट्यूबलाइटची रेघ, एका कोपऱ्यात माझा अंगठा. आणि फोनने काळोख पुन्हा बऱ्यापैकी उजळून दिलेला.