स्वस्त अन्नाचा भार कोणावर?

केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार आपल्या ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातील सुमारे ४६ टक्के आणि शहरी कुटुंबाच्या खर्चातील सुमारे ३९ टक्के वाटा अन्नाचा आहे. अमेरिकेत घरी शिजवायच्या अन्नावरचा खर्च ७ टक्क्यांच्या आसपास असतो. (आपल्या आकड्यात बाहेरचे खाणेही धरलेले आहे, म्हणून ही तुलना काटेकोर नव्हे.) त्यावरून तिकडची शेती कार्यक्षम आणि आपली अनुदानावर पोसलेली, असा निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. टक्केवारीतील हा फरक मुख्यतः उत्पन्नाचा आहे. शिवाय अनुदान तिकडेही आहे, आणि थोडेथोडके नाही: युरोपीय संघाच्या अंदाजपत्रकाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग सामाईक कृषी धोरणावर खर्च होतो, आणि चीनशी व्यापारयुद्ध पेटले तेव्हा अमेरिकेने २०१८ व २०१९ या दोन वर्षांसाठी आपल्या शेतकऱ्यांना सुमारे २३ अब्ज डॉलरची भरपाई दिली.

आपल्याकडे काय होते? जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या कृषी करारानुसार विकसनशील देशाला एखाद्या पिकाला उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंतच हमीभावासारखा आधार देता येतो. २०१८-१९ मध्ये भाताच्या बाबतीत भारताने ही मर्यादा ओलांडली आणि बाली येथे २०१३ साली मान्य झालेल्या शांतता कलमाचा, म्हणजे अशा उल्लंघनाबद्दल इतर देशांनी तक्रार करू नये या तरतुदीचा, आश्रय घेतला. मात्र हा आधार मोजताना आजच्या हमीभावाची तुलना १९८६-८८ च्या स्थिर संदर्भ किमतीशी केली जाते, त्यामुळे मधल्या तीन दशकांची महागाईसुद्धा शेतकऱ्याला दिलेली मदत ठरते. हाच हिशेब चालू आंतरराष्ट्रीय किमतींशी ताडून पाहणारी ओईसीडी ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना नेमके उलटे सांगते: निर्यातबंदी, साठामर्यादा अशा उपायांनी भारतीय शेतकऱ्याला मिळणारा भाव इतका दाबला जातो की खत-विजेची अनुदाने जमेस धरूनही एकूण आधार उणे भरतो. जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली गेली आणि सप्टेंबर २०२४ पर्यंत ती बंदी राहिली. ग्राहकाला दिलासा मिळाला असेल, पण त्याची किंमत उत्पादकाने मोजली.

आमच्या गोव्यातील सत्तरी तालुक्यात हेच काजूच्या बाबतीत दिसते. २०१८ च्या अर्थसंकल्पात कच्च्या काजूवरील आयातशुल्क ५ टक्क्यांवरून २.५ टक्के केले गेले. स्थानिक बी कारखान्यांना वर्षभर पुरत नाही, त्यामुळे आफ्रिकेतून आयात लागते, आणि बी फोडण्या-सोलण्याच्या कामावर अनेक बायकांचे घर चालते, हे मी नाकारत नाही. तरीही बागायतदाराची बी बाजारात येते ती फेब्रुवारी ते मे या काळात, आणि त्याच वेळी स्वस्त आयात उपलब्ध असली की त्याच्या बोलण्याला वजन उरत नाही. भाव पडला तर राज्य सरकार आधारभूत किमतीशी असलेला फरक भरून देते. त्या रकमेला कोणी खैरात म्हटले की मला वाईट वाटते, कारण दिल्लीत ठरलेल्या शुल्काचा फटका पणजीच्या तिजोरीतून काही अंशी भरून निघतो, एवढेच त्यात घडते. हंगामाच्या चार महिन्यांत शुल्क वाढवावे आणि पावसाळ्यात कारखान्यांसाठी ते उतरवावे, अशी व्यवस्था करता येण्यासारखी आहे आणि तिचा आग्रह गोव्याने केंद्राकडे धरायला हवा.