घरपट्टी वाढली तर आधी दर बघा

घराची किंमत नव्याने ठरवून (यालाच फेरमूल्यांकन म्हणतात) घरपट्टी आली की जो तो हेच म्हणतो, घराची किंमत वाढली असेल पण मी कुठे घर विकायला काढलंय? बरोबरच आहे ते. किंमत वाढते कागदावर आणि बिल भरायचं पगारातून नाहीतर पेन्शनमधून.

पण फेरमूल्यांकन झालं म्हणजे कर वाढलाच असं नसतं, हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. समजा सगळ्यांच्या घरांची किंमत दुप्पट धरली आणि कराचा दर, म्हणजे किमतीच्या किती टक्के कर घ्यायचा तो आकडा, निम्म्यावर आणला, तर कुणालाच एक पैसा जास्त पडत नाही. बिल वाढतं ते तुमचं घर बाकीच्यांपेक्षा जास्त महागलं असेल तर, किंवा दर खाली आणलाच नसेल तर. म्हणून आधी दराचं विचारायचं, तो आहे तसाच ठेवला असेल तर ती सरळ करवाढच आहे, सुधारणा वगैरे नाही.

दुसरं म्हणजे मूल्यांकन वर्षानुवर्षं टाळणं हा काही घरमालकावर उपकार नाही. इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, अजून १९९१ च्या किमतींवर चालतो, आज बांधलेलं घरसुद्धा तेव्हा असतं तर कितीला गेलं असतं असा अंदाज करून बसवतात. जर्मनीत पश्चिमेकडे १९६४ ची आणि पूर्वेकडे तर १९३५ ची मूल्यं धरून कर लावत होते, शेवटी २०१८ ला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं आणि २०२५ पासून नवी पद्धत आली. इतक्या वर्षांचा फरक एकदम अंगावर आला की माणूस हादरणारच ना.

कॅलिफोर्नियात लोकांनी १९७८ ला मतदान करून वेगळाच मार्ग काढला, मूळ कर १ टक्का आणि घर विकलं जाईपर्यंत मूल्यात वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढ. म्हातारी माणसं घरात टिकली, हे मोठंच काम झालं. पण नंतर घर घेणाऱ्यावर भार पडला, लॉस एंजेलिसच्या एका बाईंना तसल्याच घरासाठी काही शेजाऱ्यांच्या जवळपास पाचपट कर बसला, त्या कोर्टात गेल्या आणि १९९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरल्या. मला हे अन्यायाचंच वाटतं.

त्यापेक्षा दर थोड्या वर्षांनी मूल्यांकन करा, वाढ टप्प्याटप्प्याने लावा, आणि ज्याच्याकडे घर आहे पण हातात पैसा नाही त्याला कर पुढे ढकलू द्या. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात वयाची ५५ वर्षं झालेल्यांना तशी सोय आहे, व्याज लागतं पण घर विकल्यावर फेडता येतं.

आणि बिलातलं क्षेत्रफळ स्वतः मोजा. आमच्या बिलात उघडी गच्ची खोलीसारखी धरली होती, आई टेपचं एक टोक धरून उभी राहिली, मी आकडे लिहून घेतले आणि त्याच कागदावर हरकत दिली, सुनावणीत ते मान्य झालं. हरकतीची मुदत बिलाच्या मागे बारीक अक्षरात असू शकते, आमची चारच दिवसांवर आली होती.