मग त्याला धरून सरळ वर का नाही येत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तारकर्लीला सात-आठ मीटरवरचे मासे बघून लोक बोटीवर चढले, की कुणीतरी विचारतंच: "खाली कुणाला काही झालं तर त्याला धरून सरळ वर का नाही येत?"

सात-आठ मीटरवरून येतोच की. गोची खोल पाण्यात आहे, आणि तिचा विषय निघाला की मला बोसमन्सगाट आठवतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या नॉर्दर्न केपमधलं हे पाण्यानं भरलेलं विवर. 1994 च्या डिसेंबरात वीस वर्षांचा डिऑन ड्रायर तिथे डायव्हिंग करताना मरण पावला. दहा वर्षांनी डेव्ह शॉ या ऑस्ट्रेलियन वैमानिकाला 270 मीटरवर, तळाशी, त्याचा देह दिसला. मुलगा आणून देतो, असं त्यानं आईवडिलांना सांगितलं आणि 8 जानेवारी 2005 ला तो पुन्हा उतरला.

तिथे दाब पृष्ठभागाच्या अठ्ठावीस पट. श्वासातला वायू इतका दाट, की उच्छ्वास सोडणं हेच काम होऊन बसतं. कष्ट केले की कार्बन डायऑक्साइड साठतो आणि डोकं चालेनासं होतं. देह चिखलात रुतलेला असेल असा शॉचा अंदाज होता. तो सुटून तरंगायलाच लागला. त्या झटापटीत शॉच्या दिव्याची वायर वाट दाखवणाऱ्या दोरात अडकली. वाढत गेलेला श्वास त्याच्याच हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात ऐकू येतो.

त्याचा मित्र डॉन शर्ली 220 मीटरवर भेटणार होता. त्याला खाली दिवा दिसला, न हलणारा. तो आणखी खाली निघाला, पण 250 च्या आसपास त्याच्याच रिब्रीदरचा (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा देणाऱ्या यंत्राचा) कंट्रोलर फुटला. तो परत फिरला. (लिहायला तीन शब्द लागतात.)

आता तुमचं उत्तर. एवढ्या खोलीवर अंगात मुरलेला वायू टप्प्याटप्प्यानं सोडावा लागतो, नाहीतर गोटी सोडा फोडल्यासारखं रक्त फसफसतं. शर्लीला त्याला सुमारे बारा तास लागले. वाटेतच आतल्या कानात श्वासातल्या हेलियमचा बुडबुडा झाला. सगळं गरगरतंय, पाण्यातच उलट्या, आणि हातात एक दोर. सोबतीचे डायव्हर त्याला सिलिंडर देत होते, धरून ठेवत होते. बाहेर मात्र काढू शकत नव्हते. त्याला जगवायचं म्हणजे पाण्यातच ठेवायचं, हे काही केल्या कुणाला पटत नाही.

खाली कुणाचा श्वासच थांबला असेल तर गोष्ट वेगळी. बुडण्यानं माणूस मिनिटांत जातो. बुडबुड्यांवर दाबाच्या चेंबरमध्ये उपचाराची आशा तरी असते. म्हणून त्याच्या जॅकेटमध्ये हवा भरून त्याला एकट्यालाच वर सोडतात. सोडणारा खालीच थांबतो, स्वतःचा डेको (टप्प्याटप्प्यानं वायू सोडणं) पुरा करत, वर काय झालं ते न कळता. हा भाग आला की वर्गात कुणी प्रश्न विचारत नाही.

चार दिवसांनी उरलेलं सामान काढायला दोर ओढला, तर शॉ आणि ड्रायर दोघांचेही देह वर आले. शर्ली वाचला. त्याचा तोल पूर्वीसारखा कधी झाला नाही. डायव्हिंगला मात्र तो परत लागला.