मूतखड्याचं ऑपरेशन: तारीख अडली ती कल्चरच्या डबीपाशी

बाबांचा खडा मूत्रनलिकेत वरच्या भागात अडकला होता. सीटी, भूलतज्ज्ञांची तपासणी, विम्याचे कागद सगळं सुरळीत झालं. अडलं ते लघवीच्या कल्चरपाशी (लघवीत जंतू आहेत का, ते लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी), आणि त्याची चिडचीड अजून गेलेली नाही.

लॅबच्या काउंटरवर डबी हातात ठेवली आणि सांगितलं, "सकाळची पहिली लघवी आणा." बस्स, एवढंच. कशी धरायची, किती वेळात पोचवायची, काही नाही. रिपोर्ट आला: 'मिक्स्ड ग्रोथ, रिपीट सॅम्पल'. म्हणजे कातडीवरचे जंतू नमुन्यात मिसळले, खरा संसर्ग आहे की नाही ते कळेना. पुन्हा नमुना, पुन्हा दोन-तीन दिवसांची वाट, कारण जंतू वाढायला वेळ लागतोच. ऑपरेशनची तारीख गेली.

जे काउंटरवर सांगायला हवं होतं ते इथे लिहिते. हात साबणाने धुवा. लघवीची जागा साध्या पाण्याने स्वच्छ करा. पुरुषांनी कातडी मागे ओढून, बायकांनी पुढून मागे पुसून. सुरुवातीची धार कमोडमध्ये सोडा, मधली डबीत धरा. डबीच्या आत किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका, झाकण ठेवाल तेव्हा आतली बाजू वर. दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचवा. जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, डीप फ्रीझरमध्ये नाही. बाहेर राहिली की जंतू डबीतच वाढत जातात. अँटिबायोटिक सुरू होण्याआधीच नमुना द्या. गोळ्या चालू असतील तर फॉर्मवर नाव लिहा, नाहीतर 'नो ग्रोथ' आलं तरी त्यावर विसंबता येत नाही. रुटीन तपासणीही सांगितली असेल तर तिच्यासाठी लघवी कल्चरच्या डबीतून ओतून घेऊ देऊ नका, वेगळी डबी मागा.

आमचे युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारांचे सर्जन, रिपोर्टशिवाय खडा फोडायला तयार नव्हते. तेव्हा जिवावर आलं, पण त्यांचंच बरोबर होतं. दुर्बिणीतून खडा फोडताना सलाइनचा दाब लागतो, त्यात लघवीतले जंतू रक्तात शिरले तर सेप्सिस, म्हणजे संसर्गामुळे सगळ्या शरीरावर होणारा जीवघेणा परिणाम, होऊ शकतो. जंतू सापडले तर रिपोर्टमधला 'एस' म्हणजे ते औषध लागू पडतं, 'आर' म्हणजे पडत नाही. त्यावरून गोळी ठरते. मात्र खडा अडकलाय आणि थंडी वाजून ताप आला तर रिपोर्टची वाट बघत घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा. तेव्हा आधी स्टेंट (मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत आत ठेवायची बारीक नळी) किंवा पाठीतून नळी टाकून लघवीला वाट करून देतात, खडा नंतर.

डॉक्टर निवडताना एम.एस.नंतर युरॉलॉजीतली एम.सीएच. किंवा डीएनबी बघा. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असतो. मूत्रपिंडातला खडा दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर बहुधा पाठीला छोटं छिद्र पाडून खडा काढायचं ऑपरेशन, म्हणजे पीसीएनएल सुचवतात. तो प्रकार ते नेहमी करतात का, हे सरळ विचारा.

हे खरं तर आधीच लिहायला हवं होतं: रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. ती मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

ऑपरेशननंतर असा स्टेंट (डीजे स्टेंट) आत ठेवला तर लघवी करताना कमरेत कळ येते, थोडं लाल दिसतं, सारखं जावंसं वाटतं. ते अपेक्षित आहे. स्टेंट काढायची तारीख डिस्चार्ज कार्डवर लिहून घेतल्याशिवाय निघू नका. राहून गेला तर त्यावरच खडे साचतात आणि काढायला दुसरं ऑपरेशन लागू शकतं.