बक्कलाने लिहिलेली भिंत

गडकिल्ल्यांवरचे वीरगळ आणि झिजलेले शिलालेख टिपत हिंडणाऱ्या माणसाने इटलीत जाऊन एक ओसाड मनोरुग्णालय कशासाठी पाहावे, असे मला घरच्यांनीही विचारले होते. माझे उत्तर एकच होते : तेथेही एक लेख आहे आणि तोही झिजतो आहे.

टस्कनीतील व्होल्टेरा हे डोंगरमाथ्यावरचे गाव एत्रुस्कन, म्हणजे रोमनांच्याही आधीच्या इटलीतील प्राचीन लोकांच्या, अवशेषांसाठी आणि अलाबास्टर दगडाच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. याच गावाच्या वेशीबाहेर एकेकाळी चार हजारांहून अधिक रुग्णांना ठेवून घेणारे मनोरुग्णालय होते. मानसोपचारतज्ज्ञ फ्रँको बाझालिया यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १३ मे १९७८च्या १८० क्रमांकाच्या कायद्याने इटलीत अशा संस्थांमध्ये नवे रुग्ण घेणे थांबवले आणि जुन्या संस्था टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मार्ग मोकळा केला. त्यानंतर येथील इमारती एकेक करून रिकाम्या झाल्या.

स्थानिक वाटाड्याबरोबर आम्ही पाचजण आत गेलो. पोपडे सुटलेल्या भिंती, खिडकीतून आत शिरलेली वेल, छपराचा कोसळलेला कोपरा, सारे छायाचित्रांत पाहिले होते तसेच होते. एका लांब पडवीत चाकांची खुर्ची दिसली आणि माझ्या सोबत्यांचे कॅमेरे लगबगीने तिच्याकडे वळले. मी खाली वाकून पाहिले, तर धुळीत चाकांच्या ताज्या रेघा होत्या; आधी येऊन गेलेल्या कोणी हौशी मंडळींनी ती खुर्ची सावलीतून ओढून नेमकी उजेडाच्या पट्ट्यात आणून ठेवली होती. मी तेथे फोटो काढला नाही. दुसऱ्याच्या दुःखाची अशी आरास करणे मला बरे वाटत नाही, आणि आपल्याकडे ‘याला ठाण्याला भरती करा’ म्हणून हसणाऱ्यांच्या रांगेत मीही अनेकदा उभा राहिलो आहे, हेही तेव्हा आठवले.

मला पाहायचे होते ते फेर्री विभागाचे अंगण. गुन्ह्याचा आरोप असलेले, पण मनोरुग्ण ठरलेले लोक या विभागात असत. १९२७ साली रोममध्ये जन्मलेला फेर्नांदो ओरेस्ते नान्नेत्ती त्यांच्यापैकीच एक. रुग्णांच्या गणवेशातील बंडीच्या बक्कलाने त्याने या अंगणाच्या गिलाव्यावर कित्येक वर्षे मजकूर कोरला. त्याची लांबी सुमारे १८० मीटर भरते, असे सांगतात. तो स्वतःला ‘नॉफ ४’ म्हणवत असे, कधी अंतराळातील कर्नलही. त्याची अक्षरे कोनदार आहेत, गावातल्या संग्रहालयातील एत्रुस्कन लिपीची आठवण करून देणारी. आल्दो त्राफेली या परिचारकाने त्याच्याशी स्नेह जोडला आणि त्याच्याकडूनच ती अक्षरे वाचायला शिकून घेतली, म्हणून आज त्या मजकुराचा काही अर्थ लागतो. एरवी आपण सगळ्यांनी त्याला नुसते ओरखडे म्हटले असते.

समोरून काढलेल्या छायाचित्रात भिंत कोरी दिसली. मग शिलालेखांवर वापरतो तीच युक्ती केली : टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून उजेड आडवा सोडला. तसे करताच करड्या गिलाव्यातून बारीक ओळी वर आल्या, चौकटीत बसवलेल्या, पानामागून पान लिहिल्यासारख्या. प्रत्येक रेघेच्या एका कडेला चुन्याची कणी उचललेली होती, म्हणजे हात कोणत्या बाजूने ओढला गेला तेही कळत होते. काही अक्षरांवर बक्कल दोनदा फिरले होते. बोट लावण्याचा मोह फार झाला, पण गिलावा नुसत्या वाऱ्यानेही झडतो आहे. लेखाचा काही भाग भिंतीवरून उतरवून आधीच जतन करावा लागला आहे.

येथील रुग्णांनी घरी लिहिलेली कित्येक पत्रे टपालात पडलीच नाहीत. ती त्यांच्या कागदपत्रांत लावून ठेवलेली पुढे सापडली. ज्याची पत्रे पोचत नाहीत त्याने भिंतीवर लिहावे, यात मला वेडेपणा दिसेना.

अंगणातल्या बाकावर काही रुग्ण तासन्‌तास निश्चल बसत. नान्नेत्ती त्यांना न उठवता त्यांच्या डोक्यांभोवतीने ओळ वळवून पुढे लिहीत असे, अशी आठवण सांगितली जाते. त्या मोकळ्या जागा मी बाकाच्या उंचीवर बराच वेळ शोधल्या. मात्र तेथेच गिलावा सर्वांत जास्त पडलेला आहे. परत आल्यावर चाळीसेक छायाचित्रे मोठ्या पडद्यावर ताणून पाहिली, तरी कोठे माणूस बसला होता आणि कोठे नुसता पोपडा गळाला, हे मला एकाही ठिकाणी खात्रीने ठरवता आलेले नाही.