अण्णांच्या डायरीतला रियाल

अण्णा १९८२ साली ओमानमध्ये, मस्कतला गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. घरी पैसे पाठवले की तिथल्या रियालचा त्या दिवशीचा भाव ते एका डायरीत टिपून ठेवायचे. ती डायरी गेल्या गणपतीत गुहागरच्या घरी ट्रंकेत सापडली आणि रात्री दोनपर्यंत मी ती खाली ठेवली नाही.

पहिली नोंद: १ रियाल = २७ रुपये. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० रुपयांवर गेला, तेव्हा रियाल २३४ च्या आसपास आला. गावात आजही लोक म्हणतात, "रियाल केवढा वाढला!" मला हे वाक्य बोचतं. रियाल वाढलेला नाही, तो १९७३ पासून डॉलरला बांधलेला आहे. १९८६ पासून तर एका रियालला २.६० डॉलर हा हिशोब जागचा हललेला नाही. म्हणजे मस्कतचा भाव काढायला डॉलरच्या भावाला २.६ ने गुणलं की झालं. अण्णांनी सतरा वर्षं लिहिला तो खरं तर आपल्या रुपयाचा उतार होता.

एकदाच उलटं झालं. १९८५ च्या पानांवर ३५, ३६ असे आकडे आहेत आणि १९८६ उजाडल्यावर एकदम ३२-३३. समासात अण्णांनी लिहिलंय, "रियाल उतरला." ओमानने त्या वर्षी आपलं चलन डॉलरच्या तुलनेत दहा टक्क्यांनी खाली आणलं होतं. तेलाचे भाव कोसळत होते आणि त्याची झळ आमच्या घरी येणाऱ्या बँक ड्राफ्टला लागली.

ज्या पानावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते जून १९९१ चं. मी नुकतीच दहावी पास झाले होते, चिपळूणला अकरावीला प्रवेश घ्यायचा होता. अण्णांनी २७ जूनला ८० रियालचा ड्राफ्ट काढून रजिस्टर पोस्टाने पाठवला. भाव ५४.९०, रुपये ४,३९२. पुढच्याच आठवड्यात, १ आणि ३ जुलैला, रिझर्व्ह बँकेने दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलर २१ वरून २६ च्या घरात गेला. तेच ८० रियाल सहा-सात दिवसांनी पाठवले असते तर घरी ५,४०० च्या आसपास आले असते. आकड्याखाली पेन्सिलीने एकच ओळ आहे: "घाई केली. पण पोरीची फी." पेन्सिल इतकी दाबलीय की मागच्या पानावर ठसा उठलाय.

त्याच जुलैत देश डॉलरसाठी ४७ टन सोनं परदेशी गहाण ठेवायला पाठवत होता. आखाती युद्धाने तेल महागलं होतं, कुवेतहून आपली माणसं नेसत्या वस्त्रांनिशी परतली होती, त्यांचे पैसे थांबले होते. आई तेव्हा म्हणाली होती, "तुम्ही चार दिवस थांबला असतात तर बरं झालं असतं." हे तिने सुट्टीवर आलेल्या अण्णांना सांगितलं, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. आज ती ओळ वाचल्यावर मला त्यांचं गप्प बसणं कळलं.

१९९३ ते ९५ च्या मध्यापर्यंतची पानं शांत आहेत. डॉलर ३१.३७ ला खिळला होता, म्हणून रियाल महिनोन्महिने ८१ च्या आगेमागे.

नुसता भाव बघून मात्र काही कळत नाही, बदल्यात काय आलं ते बघावं लागतं. शेवटच्या पानांत सोनाराचे हिशोब आहेत. आईच्या पाटल्या १९८५ च्या. तेव्हा १० ग्रॅम सोनं २,१०० रुपयांच्या आसपास होतं, म्हणजे जवळपास ६० रियाल. १९९९ मध्ये, अण्णा परत आले तेव्हा, सोनं ४,२०० होतं, रियाल ११२ ला. म्हणजे ३७-३८ रियाल. रुपयात दुप्पट, रियालमध्ये कितीतरी स्वस्त! अण्णांना हे कळलं होतं. माझ्या लग्नाचं सोनं त्यांनी त्याच वर्षी घेतलं. डिसेंबर २०२५ मध्ये तेच १० ग्रॅम १ लाख ३० हजारांच्या घरात होतं, म्हणजे साडेपाचशे रियाल. आज मस्कतला राबणाऱ्या पोराला रियालचा भाव बघून कुणी "मजा आहे तुझी" म्हणत असेल, तर त्याने सोन्याचा हा हिशोब करावा.

आणखी एक. ओमानमध्ये १९७० पर्यंत रुपया चालायचा, तोही रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून खास आखातासाठी छापलेला. आजही रियालचे हजार 'बैसा' होतात. तो आपला पैसाच. अण्णा पत्रात नेहमी "पैसे" लिहायचे, बैसा कधीच नाही.

डायरीत अठ्ठावीस कोरी पानं उरलीत. धाकटा भाऊ सध्या मस्कतला, रुवीत असतो. त्याने पैसे पाठवले की मी त्यातच लिहिते: तारीख, रियाल, भाव, आणि समोर कशासाठी ते. परवाची नोंद आईच्या मोतीबिंदूची आहे.