आई आणि ग्रिझली

आज आईला घेऊन ग्राउस माउंटनवर गेलो. व्हँकुव्हरहून अर्धा तास, मग लाल केबलकार. वर ग्राइंडर आणि कूला ही दोन ग्रिझली अस्वलं २००१ पासून राहतात. दोघंही अनाथ. कूलाची आई हायवेवर ट्रकखाली गेली, आणि ग्राइंडर पिल्लू असताना लाकूडतोडीच्या रस्त्यावर एकटाच भटकत सापडला. दोघांच्याही गोष्टीत रस्ता आहेच! जंगलात रस्ता गेला की त्यावरून करवत जाते, आणि बंदूकही.

कूला पाण्यात बसून ओली फांदी सोलत होता. बोटभर लांब नखं, पण काम सुईदोऱ्याचं.

आईला सांगितलं, २०१७ पर्यंत कॅनडाच्या या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वर्षाला अडीचशेच्या आसपास ग्रिझली शिकारी मारायचे. कातडं, डोकं, पंजे न्यायचे. मांस नेलंच पाहिजे असा नियमही नव्हता. त्या डिसेंबरात बंदी आली. इथल्या आदिवासींना अन्नासाठी, विधींसाठी मुभा आहे. मादीला पहिलं पिल्लू व्हायलाच पाच-सहा वर्षं लागतात, पुढचं तीनेक वर्षांनी. भरून कसं निघणार?

आई चंद्रपूरची. मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्यांवर अस्वल कसं येतं हे ऐकतच वाढलेली. तिला अस्वलाचं कौतुक वगैरे अजिबात नाही. तरी म्हणाली, "खातच नाही तं मारत कायले होते?"

मी भिंतीवर टांगायला म्हणालो. ती कूलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "याले थंडी नाही वाजत का रे?"